भोपळा, ठकी आणि माझं तोंड

...नाही, पण भोपळा कानात कसा जातो, हे मला कुणीतरी समजावून सांगा! मी स्वतःच्या हाताने चमचा भरला, स्वतःच्या डोळ्यांनी नेम धरला, पोरीचं तोंड समोर, चांगलं मोठ्ठं उघडलेलं... आणि दुसऱ्या क्षणी भोपळा तिच्या डाव्या कानात! थोडा माझ्या भुवईवर. थोडा खिडकीच्या काचेवर, आणि खिडकी कुठे, तर माझ्या पाठीमागे! आणि ती? शांत. टक लावून माझ्याकडे बघतेय, जसा काही मीच तो फेकला. आत काय चाललंय, कळेल तर शपथ!

तुम्हाला सांगतो, ही आमची ठकी. खरं नाव दाखल्यावर आहे, घरात ठकी. वय साडेसहा महिने, दात एक, तोही अजून अर्धाच वर आलेला. आता हिला खायला शिकवायचं काम माझ्याकडे कसं आलं? तर बायको माझी तलावावर पोहायला शिकवते. तिची सुट्टी संपत आलेली, पुढच्या सोमवारपासून पुन्हा कामावर. आणि ठकी बाटलीला तोंड लावत नाही! बाटली पुढे केली की अशी बघते, जशी मी तिला लाच देतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता वरचं सुरू करा. हळूहळू." म्हणजे सोमवारपर्यंत दुपारचं एक खाणं पोटात जायलाच हवं, नाहीतर बायकोला रजा वाढवावी लागणार. तिने तर कामावरची शिट्टी पिशवीतून काढून धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा! कोरडी ठणठणीत शिट्टी रोज कोण धुतं, तुम्हीच सांगा?

म्हटलं, मी बघतो. माझं चष्म्याचं दुकान, खाली दुकान, वर घर, दुपारी तीन तास बंद. दिवसाला वीस माणसं मी खुर्चीत बसवतो, हनुवटी टेकवायला लावतो, 'हे स्पष्ट की हे स्पष्ट' विचारतो, भलेभले मुकाट्याने उत्तर देतात. मग एका पोरीला चमचाभर भोपळा नाही भरवता येणार?

नाही आला! सोमवारी भोपळा, तो कानात. मंगळवारी पुन्हा भोपळा, तो जिभेने सरळ बाहेर. बुधवारी म्हटलं गाजर करू. उकडलं, कुस्करलं, गाळलं, एक गाठ राहू दिली नाही. एक घास चिऊचा, तो भिंतीवर. एक घास काऊचा, तो माझ्या शर्टाच्या खिशात. खिशात हो! संध्याकाळी गिऱ्हाईकासमोर पेन काढलं, तर त्याला गाजर! गिऱ्हाईक बघतंय पेनाकडे, मी बघतोय गिऱ्हाईकाकडे...

बायको म्हणाली, "अरे, तू चमचा असा नेतोस, जसं तिच्या डोळ्यात औषध घालायचंय! आमच्याकडे नवीन माणूस आलं की पहिल्या दिवशी पोहायचं नसतंच मुळी. काठावर बसायचं, पाय सोडायचे, पाणी उडवायचं. तिला हात घालू दे ना त्यात!"

घातला. गुरुवारी ठकीने वाटीत मनगटापर्यंत हात घातला. मूठ भरली. दाबली. बोटांच्या फटीतून गाजर असं सुळ्ळकन बाहेर आलं, आणि पोरगी थांबलीच! उघडली मूठ, बघितलं. पुन्हा दाबली, पुन्हा बघितलं. पाच मिनिटं हेच. एखाद्या कारागिराने माल पारखावा तसं! मलाही राहवेना, म्हटलं एवढं आहे तरी काय त्यात? मीही घेतलं मुठीत, दाबलं. गार, गुळगुळीत... मजा येते हो! पण तोंडात? तोंडात एक कण नाही. सगळं केसांना चोपडलं. आत काय चाललंय, कळेल तर शपथ!

शुक्रवारी आई आली माझी. दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि बघत राहिली. मी चमचा पुढे केला, ठकीने तोंड मिटलं, आणि आई हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत!

म्हटलं, "हसायला काय झालं?"

"अरे, तोंड बघ तुझं!"

"काय लागलंय तोंडाला?"

"लागलं नाही रे काही. तू चमचा पुढे करतोस ना, तेव्हा नाक वर जातं तुझं. लहानपणी जायचं अगदी तसं! भोपळा केला म्हटलं की पलंगाखाली जाऊन बसायचास. जन्मात कधी खाल्लायस का तू भोपळा? गाजर? पोरीला काय भरवतोस?"

मी खाली गेलो, दुकानातला हातात धरायचा आरसा घेऊन आलो, चमचा भरला, आरशात बघितलं... आणि काय सांगू तुम्हाला! चमचा पुढे, मी मागे! नाक वर, ओठ मुडपलेले, एक डोळा बारीक. असा माणूस मला काही भरवायला आला असता तर मी पोलिसांना बोलावलं असतं! आणि माझा धंदा कसला? डोळ्यांचा! कोण कुठे बघतंय हे ओळखून माझी चूल पेटते, आणि पाच दिवस मला दिसलं नाही, की ही पोरगी चमच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती!

मग काय, हसून बघितलं. "वाऽऽ! काय सुंदर भोपळा!" ठकीने तोंड आणखी घट्ट मिटलं. खोटं तर तिला लगेच कळतं.

म्हणजे उपाय एकच उरला.

शनिवार दुपार. आई खुर्चीत, बायको दारात, ठकी समोर, वाटी मध्ये. मी चमचा भरला आणि माझ्याच तोंडात घातला. डोळे गच्च मिटले. हसू नका हो! छत्तीस वर्षं चुकवलेला भोपळा तो... गिळला. आणि तुम्हाला खरं सांगू? बरा होता! किंचित गोड, मऊ... माझ्या भुवया आपोआप वर गेल्या, तोंडातून "अरेच्चा!" निघालं. डोळे उघडले, तर ठकी पुढे झुकलेली. तिच्या छोट्या खुर्चीचा पट्टा ताणून, मान लांब करून. आणि तोंड उघडं!

मी चमचा नेला. आत गेला. अंग शहारलं तिचं, डोळे मिचकावले, अर्धा भोपळा हनुवटीवर आला, तो मी पुन्हा आत ढकलला... आणि गटक्! दारापर्यंत स्पष्ट ऐकू आलं. ठकीने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि चमचा ओढला. सहा चमचे खाल्ले! बायको आत गेली, शिट्टी पिशवीत टाकली, आणि स्वयंपाकघरात बराच वेळ उगाच नळ सोडून उभी राहिली.

सोमवारी ती कामावर गेली. आता आमचा नियम ठरलाय. म्हणजे ठकीने ठरवलाय. एक चमचा मी, एक चमचा ती. मी खाल्ल्याचं नाटक केलं की काम बंद, माझ्या गालावर बोट दाबून बघते, आत आहे का म्हणून! आत काय चाललंय, आता तीच तपासते, माझ्या!

परवा महिन्याची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, खूश झाल्या, कागद पुढे ओढला. "मग, काय काय सुरू केलंत?"

म्हटलं, "भोपळा, गाजर, मटार, फ्लॉवर. फ्लॉवरला जरा वेळ लागला. बीट मात्र अजून जमत नाही, तोंडात गेलं की डोळ्यांत पाणी येतं. पण रोज थोडं थोडं चालू ठेवलंय."

"उत्तम! जबरदस्ती करू नका, बाळाला वेळ द्या."

म्हटलं, "बाळाचं नाही हो डॉक्टर, मी माझं सांगतोय... बाळ कधीचंच बीट खातं!"