इस्त्रीच्या डागाचं टेबल

संशोधनातल्या आकड्यांवरचा माझा विश्वास कधी उडाला, सांगू? एम.ए.ला होते तेव्हा. घरच्या परिस्थितीचा पोरांच्या मार्कांवर काय परिणाम होतो, याची पाहणी आमचे इकॉनॉमिक्सचे सर करत होते आणि बाळकुमची एक गल्ली माझ्या वाट्याला आलेली. सरांनी बजावलेलं, "लोक काहीही सांगतात. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं."

पहिल्या घरात अभ्यासाला टेबल होतं. दुसऱ्यातही होतं. तिसऱ्या घरातल्या टेबलावर इस्त्रीचा जळका डाग दिसला आणि मी चमकले. हाच डाग मी आधीच्या दोन्ही घरांत पाहिलेला! मी ओट्यावर चपला घालेपर्यंत टेबल मागच्या दाराने पुढच्या घरी पोचत होतं. मुलगी बघायला पाहुणे आले की शेजारच्या कपबशा आणतात ना, तसंच. कॉलेजातून बाई आल्यात, मग पोरांची इभ्रत राखायला नको?

शेवटच्या घरात मात्र भिंतीशी रिकामी जागा. तिथली मावशी कावरीबावरी झाली.

"बाई, जरा बसा. टेबल आता येल शेजारून."

"मावशी, मला दिसेल तेच लिहावं लागतं हो."

"अवो, पन टेबल आमचाच हाय!"

काय करणार? सरांचा नियम म्हणजे नियम. आमच्या पाहणीप्रमाणे त्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला अभ्यासाला टेबल होतं. नव्हतं ते फक्त टेबलवालीच्या पोरीला.