लाडावलेले मासे

सून: बाबा, ती पिशवी कपाटात ठेवू नका. चिमणीची दुपटी आहेत त्यात. गाडी येईल इतक्यात.

सासरे: ठेवत नव्हतो, नुसती उचलून बघितली. बरीच जड आहे. आईकडे किती दिवस राहणार आहेस?

सून: इथले डास कमी होईपर्यंत.

सासरे: म्हणजे कायमची.

सून: तिचा हात पाहिलात का? कोपरापर्यंत गांध्या उठल्यात. शेजारचा मुलगा डेंग्यूने दवाखान्यात आहे. हिला अजून वर्ष पूर्ण नाही, हे बाहेरगावी. मला भीती वाटते, बाबा.

सासरे: पण मी काय कमी करतोय? दिवेलागणीला दारं-खिडक्या लावतो, मच्छरदाणी नीट खोचतो, धूर करतो.

सून: त्या धुराने तुम्हीच खोकता. हा डास दिवेलागणीपर्यंत थांबत नाही. पायांवर पांढरे पट्टे असलेला, भर दिवसा चावणारा. काल तिच्या गालावर बसला होता. रात्री कानाशी गुणगुणतो तो तपकिरी, तो गटाराच्या पाण्यातला. याला घरातलं साठलेलं स्वच्छ पाणी लागतं.

सासरे: आणि तो शेपूट वर करून तिरका बसतो, तो?

सून: तो मलेरियाचा. तो अजून आलेला नाही, त्याची चौकशी नको.

सासरे: कुंड्यांखालच्या बशा मी पालथ्या घातल्या. फ्रिजमागचा ट्रे पुसला. जुना टायर भंगारात दिला. राहिला मागचा हौद, पण त्यात गप्पी मासे आहेत. अळ्या खायलाच तर सोडलेत ते.

सून: या इकडे. वाकून बघा जरा. ते वळवळतंय ते काय आहे?

सासरे: अळ्याच दिसतात.

सून: आणि तुमचे मासे बघा. पोटं सुटलीत, अळ्यांच्या शेजारून जेवणानंतर शतपावलीला निघाल्यासारखे चाललेत. सकाळी आरोग्य खात्याच्या बाई येऊन गेल्या, त्यासुद्धा चक्रावल्या. इतके गुबगुबीत गप्पी त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिले नव्हते म्हणे. काय घालता तुम्ही यांना?

सासरे: काही नाही.

सून: बाबा.

सासरे: पावाचा चुरा. थोडासाच, नाश्त्याच्या वेळी.

सून: आणि?

सासरे: दुपारी कणकेच्या गोळ्या. उरते ना कणीक, म्हणून. संध्याकाळी एखादं बिस्कीट. अगं, मी दिसलो की सगळे काठाशी गोळा होतात, तोंडं उघडून. जन्मभर कॅन्टीन चालवलं मी. समोर कुणी भुकेलं उभं असताना हात बांधून बसायची सवयच नाही.

सून: मग भरल्या पोटी ते अळीकडे कशाला बघतील?

सासरे: म्हणजे आपल्या पोरीला चावणारे डास मीच पोसले.

सून: असं म्हटलं नाही मी.

सासरे: पण झालंय तसंच. जा तू. मी अडवत नाही. तुम्ही दोघी गेलात की घर खायला उठतं मला, पण तिला ताप आला तर मला स्वतःचं तोंड बघवणार नाही. जा, आणि निश्चिंत राहा.

(आतून बाळाच्या रडण्याचा आवाज.)

सून: उठली वाटतं. भूक लागली असेल. बाबा, मागच्या खेपेला आईकडे काय झालं ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

सासरे: काय झालं?

सून: आई इतक्या मायेने मऊ भात कालवायची. ही कसेबसे दोन घास घ्यायची आणि दाराकडे बघत बसायची. आम्हाला वाटलं पोट बिघडलंय. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. इथे रोज तुम्ही भरवता ना, तुमची वाट बघत होती ती.

सासरे: माझी?

सून: तुमचीच. आईला वाईट वाटेल म्हणून तिला बोलले नाही. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आणखी डोक्यावर चढवून ठेवली असतीत.

सासरे: मग आता काय करायचं?

सून: गाडीवाल्याला नको म्हणून कळवते. तुम्ही मासे बादलीत काढा. हौद पूर्ण उपसा आणि कडा ब्रशने घासा, अंडी तिथेच चिकटलेली असतात. नवं पाणी भरलं की वर जाळी. दर आठवड्याला हेच करायचं. आणि तिला दिवसासुद्धा मच्छरदाणीतच झोपवायचं. माझी एक अट आहे फक्त.

सासरे: कळली.

सून: कळून भागत नाही, पाळायला लागेल.

सासरे: पाळतो. (दोन-चार मासे बादलीत काढत) पण बघ ना, बादलीतूनही कसे माझ्याकडेच बघताहेत.

सून: बाबा.

सासरे: नाही घालत काही. तू चिमणीला आण आणि तिची वाटी दे. मी यांच्याकडे पाठ करून बसतो आणि तिला भरवतो.