टाकीच्या तोंडावरची चिंधी

सिंगिडाच्या रस्त्यावर, म्हाताऱ्या सिकुधानीच्या चहाच्या चुलीपाशी मकुंबोचा जुना ट्रक पुन्हा बंद पडला. रजबू मिस्त्री डिझेलच्या टाकीवर वाकला.

"काका, फिल्टर स्वच्छ, पंपही ठीक. कधी बंद पडतो?"

"तासाभरानं. जरा थांबलं की आपोआप चालू होतो."

"होणारच! टाकीच्या तोंडावर प्लास्टिक आवळलंय. आत हवाच जात नाही, मग डिझेल पुढं सरकेल कसं? कुणाचं हे शहाणपण?"

"माझंच. झाकण हरवलं तेव्हा तुझ्या काकूनं तिच्या नेसायच्या खांग्याचा तुकडा फाडून बांधला होता."

"नुसतं कापड होतं, तेव्हा बंद पडायचा?"

"कधीच नाही. पण ती गेल्यावर कापड विरायला लागलं, म्हणून ते जपायला वरून प्लास्टिक बांधलं."

"मग प्लास्टिक काढतो. नवं झाकणही देतो."

"हात लावू नकोस."

"अहो, दर तासाला थांबावं लागेल!"

"थांबेन. घरी वाट बघायला आता कोण आहे?"

सिकुधानीनं न मागताच मकुंबोचा चहाचा कप पुन्हा भरला.