डाव्या हाताचं गाणं

इस्लामपूर स्टँडवर साताऱ्याची गाडी यायची होती. मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

"दाजी, ताई गेली. आता तो आपोआप वाजणारा पियानो इकून टाका."

"तिनं डाव्या हाताचं गाणं भरून ठेवलंय त्यात. उजवा हात मी शिकायचा, आसं ठरलं हुतं."

"मग शिकलासा?"

"चुकलो की चिडायची. दिलं सोडून. पर आता बटन दाबलं की उजवीकडच्या पट्ट्याबी खाली जात्यात."

"कोण वाजवतंय?"

"कुणास ठावं. लय चुकतंय. चुकलं की डावा हात थांबतोय, न् परत पहिल्यापासनं धरतोय."

"आवं, मग इकाच!"

"माझ्यासाठी कवा थांबली न्हाई रं."

"साताऱ्याला गिऱ्हाईक बघाय निघालायसा न्हवं?"

"न्हाई. तिथं पियानोचा क्लास लावलाय."