अकरा पूर्णांक तीन

या सभेचं अध्यक्षस्थान भूषवणारे आपल्या संस्थेचे माननीय अध्यक्ष महोदय, वयाच्या पंचाहत्तरीतही माझ्या शब्दाखातर प्रवास करून आलेले माझे विद्यापीठातले प्रोफेसर, मुख्याध्यापक सर, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, माझे सहकारी, दाराशी उभे राहूनच कार्यक्रम बघायची सवय असलेले आपले लॅबवाले काका, विद्यार्थी मुलामुलींनो, आणि तिसऱ्या रांगेत बसलेले, घरून निघताना ‘जपून बोल’ असं मला तीनदा बजावणारे आमचे हे.

आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मुख्याध्यापक सरांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. एकतीस वर्षं मी त्यांच्याकडे आणि त्यांच्या आधीच्या दोघांकडे प्रॅक्टिकलच्या तासाला पाच मिनिटं वाढवून मागत होते. ती आज मिळाली, तेव्हा ती पुरवून पुरवून वापरणार आहे. सर, घड्याळाकडे बघू नका.

आत्ता अध्यक्ष महोदयांनी माझा गौरव केला. माझ्यासारखी माणसं संस्थेचा कणा असतात, असं ते म्हणाले. मी त्यांची मनापासून ऋणी आहे. पण त्या भाषणात एक वाक्य होतं: ‘बाईंनी नोकरी सांभाळून एम.एस्सी. केलं, अर्थात शिक्षकांसाठीचं, प्रबंधाविना.’ यातलं ‘अर्थात’ मला जरा टोचलं. गेली सहा वर्षं ऑफिसबाहेरच्या फळ्यावर माझ्या नावापुढे पदवी आहे आणि पदवीपुढे कंसात ‘प्रबंधाविना’ आहे. लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावापुढे ‘पोहता येत नाही’ असं कोणी छापतं का?

ही पदवी म्हणजे नक्की काय, हे सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? मला तरी कुठे ठाऊक होतं. मला वाटलं, सुट्टीत चार व्याख्यानं ऐकायची, हजेरी लावायची आणि कागद घेऊन यायचं. अर्ज भरायला गेले तेव्हा विद्यापीठाच्या खिडकीतल्या ताईंनी एक माहितीपत्रक पुढे सरकवलं. तीस श्रेयांकांचे विषय, त्यातले निम्म्याहून अधिक निव्वळ रसायनशास्त्राचे. भौतिक रसायन आलं, म्हणजे वीस वर्षांपूर्वी ट्रंकेत टाकलेलं गणित पुन्हा बाहेर आलं. एखाद्या विषयात ‘ब’ श्रेणीच्या खाली गेलात की तो विषय पुन्हा. मग सगळ्या विषयांची मिळून लेखी परीक्षा, स्वतःच्या वर्गातल्या कामावर एक अहवाल, आणि शेवटी चार आठवडे प्रयोगशाळा संपली की तीन परीक्षकांसमोर तोंडी. आणि हे सगळं सहा वर्षांच्या आत. सहा वर्षं उलटली की पहिल्या वर्षीचे विषय बाद. मी ताईंना विचारलं, यात सोपं काय आहे? त्या म्हणाल्या, ‘प्रबंध नाही ना.’ तेव्हापासून मला या शब्दाची भीती वाटत नाही, रागच येतो.

तिथे आम्ही अकरा शाळांतले अकरा जण होतो. सगळे पन्नाशीच्या आसपासचे, सगळ्यांना ऐकण्यापेक्षा बोलायची सवय. प्रोफेसर फळ्यावर लिहायला वळले की मागून कोणीतरी म्हणायचं, ‘सर, अक्षर जरा मोठं.’ एका गुरुजींनी तर प्रोफेसरांच्या समीकरणात चूक सापडली म्हणून उठून त्याखाली लाल खडूनं रेघ मारली होती. सर हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय.

आता मी जे सांगणार आहे त्यानं माझी शोभा होईल, पण आज निरोप आहे, तेव्हा चालेल.

पहिल्याच आठवड्यात प्रोफेसरांनी आम्हाला अनुमापन दिलं. मुलांना माहीत आहे, पालकांसाठी सांगते. शंकुपात्रात मोजून दहा मिलिलिटर आम्ल घ्यायचं, वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या उभ्या नळीतून, कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंब थेंब सोडायचं, गुलाबी रंग आला की थांबायचं आणि किती लागलं ते वाचायचं. हे मी वीस वर्षं शिकवत होते. तिथे मात्र माझा गुलाबी रंग बाराच्या पुढे आला. मला वाटलं, नवीन जागा, चष्म्याचा नंबर, हात चुकला. म्हणून मी लिहिलं, दहा पूर्णांक शून्य. दुसऱ्यांदा दहा पूर्णांक एक, अगदीच घोटून काढल्यासारखं दिसू नये म्हणून. तिसऱ्यांदा पुन्हा दहा.

का? कारण शाळेत दहाच येतं. आम्ही द्रावणं तशीच करतो, म्हणजे हिशोब सोपा पडतो, तपासायला सोपं पडतं. वरच्या वर्गातल्या मुली खालच्या वर्गातल्या मुलींना जिन्यातच सांगतात, ‘दहा लिही.’ आमच्याही बाई आम्हाला तेच सांगायच्या.

प्रोफेसरांनी अकराही वह्या गोळा केल्या. एकेक उघडून बघितली, मिटली. मग आवाज जराही न चढवता म्हणाले, ‘मी तुम्हाला चार वेगवेगळ्या बाटल्या दिल्या होत्या. तुम्ही अकरा जणांनी त्यातून एकच उत्तर काढलंत. हे रसायनशास्त्र नाही, हा चमत्कार आहे.’

अकरा गुरुजी आणि बाई, सगळे मान खाली घालून. लाल रेघ मारणारे गुरुजी तर खडू शोधायचं नाटक करत होते. मग प्रोफेसरांनी आमच्यातल्या एकाची बाटली हातात घेतली, सैल बूच दाखवलं आणि सांगितलं, की कॉस्टिक सोड्याचं द्रावण उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड पितं आणि दिवसेंदिवस कमजोर होतं. कमजोर झालं की जास्त लागतं. तेव्हा दहाच्या जागी अकरा आले, बारा आले, तर मुलाला रागवायच्या आधी बाटलीला विचारा.

हे मला माहीत नव्हतं का? पुस्तकात होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते ऐकलं आणि मला एक मुलगी आठवली.

त्याच्याही अकरा वर्षं आधीची गोष्ट. म्हणजे आजपासून बावीस वर्षांपूर्वीची. अकरावीचा वर्ग, एकतीस मुली, हीच आपली वरच्या मजल्यावरची लॅब. तीस जणींचं उत्तर दहा. एका मुलीचं अकरा पूर्णांक तीन. मी विचारलं, बाकी सगळ्यांचं दहा आणि तुझंच कसं गं वेगळं? ती म्हणाली, ‘बाई, मी तीनदा केलं.’ मी म्हटलं, मग चौथ्यांदा कर. तिनं चौथ्यांदा केलं. पुन्हा अकरा पूर्णांक तीन. ती रडली नाही, उलटून बोलली नाही, पण आकडा बदलला नाही. आणि मी, आज या कणा म्हणून गौरवलेल्या बाईनं, तिचे चार गुण कापले आणि वहीत लाल शाईनं लिहिलं, ‘निष्काळजी.’

एकतीस जणींमध्ये ब्युरेट वाचलेली ती एकटी होती.

प्रोफेसरांच्या त्या तासानंतर मी शाळेत परत आले आणि काकांना घेऊन कपाटातल्या बाटल्या तपासल्या. एकोणीस बाटल्या. लेबलाप्रमाणे ताकद निघाली सातांची. काका तेव्हा म्हणाले, ‘बाई, मला कधीपासून वाटत होतं, पण मला कोण विचारतंय?’ त्यांचंही बरोबर होतं. माझा तो अंतिम अहवाल याच बाटल्यांवर आहे, चाळीस पानांचा. त्याला प्रबंध म्हणत नाहीत. पण त्यानंतर आपल्या शाळेत बुचं घट्ट बसतात, दर सोमवारी द्रावण तपासलं जातं आणि ‘दहा लिही’ हे जिन्यातलं शास्त्र बंद झालं. दोन वर्षं आपले प्रॅक्टिकलचे गुण घसरले, तेव्हा याच सभागृहात पालकांनी मला धारेवर धरलं होतं. मी तेव्हाही माघार घेतली नव्हती. अध्यक्ष महोदय, एखाद्या जाडजूड प्रबंधानं एका तरी शाळेतलं एक तरी बूच घट्ट केलेलं आपल्याला ठाऊक असेल, तर मी फळ्यावरच्या कंसाला हार घालीन.

आता मुख्य गोष्ट.

ती मुलगी नऊ वर्षांपूर्वी याच शाळेत शिक्षिका म्हणून आली. आपल्या धाकट्या बाई. त्या पाचव्या रांगेत बसल्या आहेत आणि आत्ता खुर्चीखाली काहीतरी शोधताहेत. बाई, वर बघा. नऊ वर्षं मी तुमच्याबरोबर एका टेबलावर डबा खाल्ला आणि हे सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी या पदवीला तुम्हाला मीच घातलं, मला वाटलं तेवढ्यानं फिटेल. नाही फिटलं.

धाकट्या बाईंचे सगळे विषय झाले आहेत. लेखी झाली, अहवाल झाला. उरली ती येत्या सोमवारी सुरू होणारी चार आठवड्यांची प्रयोगशाळा आणि तोंडी. हा सहावा उन्हाळा, म्हणजे शेवटचा. या वर्षी गेल्या नाहीत, तर पहिल्या वर्षीपासूनचं एकेक पान गळायला लागेल. त्या चार आठवड्यांतला पहिला पंधरवडा आपली शाळा चालू असते, म्हणून त्यांनी रजेचा अर्ज केला. मुख्याध्यापक सरांनी शिफारस केली, त्याबद्दल त्यांचे आभार. वरून, म्हणजे संस्थेकडून, शेरा आला: ‘सदर पदवी प्रबंधाविना असल्याने रजेचा विचार करता येत नाही.’ धाकट्या बाईंनी तो वाचला, घडी घातली आणि नववीच्या तासाला गेल्या. त्यांचा स्वभावच तो. मूग गिळून बसण्याचा ठेका त्यांनी घेतलाय, म्हणून बोलण्याचा मी घेतला.

महोदय, आपण म्हणाल, पंधरा दिवस वर्ग कोण घेणार? मी घेणार. उद्यापासून मला दुसरं काम नाही आणि घरी आमचे हे मला दुपारभर सहन करू शकतील, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत नाही. आपण म्हणाल, नियम. नियमात ‘मान्यताप्राप्त पदवी’ एवढंच लिहिलंय, मी तीनदा वाचलंय. चौथ्यांदाही वाचलं. कंस नियमात नाही, कंस आपल्या मनात आहे.

मागच्या आठवड्यात माझं कपाट रिकामं करताना तळाच्या खणात न नेलेल्या वह्यांचा गठ्ठा सापडला. त्यात ही वही होती. ही बघा. परीक्षेनंतर सगळ्या मुली आपापल्या वह्या घेऊन गेल्या, ही न्यायला ती कधी आलीच नाही. आणि का यावं?

आज सकाळी पहिल्या तासाच्या आधी मी ‘निष्काळजी’वर रेघ मारली. लाल शाईनंच. कापलेले चार गुण परत दिले, खाली सही केली, तारीख घातली. एकतीस वर्षांच्या नोकरीतली माझी ही शेवटची सही. कार्यक्रम संपला की बाई, तुमची वही घेऊन जा.

आणि अध्यक्ष महोदय, हा रजेचा अर्ज. मी तो आपल्यासमोर ठेवते आहे, सोबत पेनही. निळ्या शाईचं आहे. सगळ्यांसमोर सही करा असा आग्रह मी धरणार नाही, तेवढी रीत मलाही कळते. मात्र मला माझी चूक दुरुस्त करायला बावीस वर्षं लागली. आपल्याकडे सोमवारपर्यंत वेळ आहे.

आपण सर्वांनी हा सोहळा घडवून आणलात, माझं कौतुक केलंत, प्रोफेसर एवढ्या लांबून आले, काकांनी कालपासून खुर्च्या मांडल्या, त्या सगळ्यांची मी आभारी आहे. पाच मिनिटांची पंचवीस झाली, तेही पोटात घाला. भरात एखादा शब्द वावगा गेला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर वयाकडे बघून मला माफ करा.

आकडा मात्र बदलणार नाही. अकरा पूर्णांक तीन.

नमस्कार.