आठाचं दान

न्हाई न्हाई साहेब, ते बुक ठेवा बाजूला — त्यात लिवून काय व्हतंय, मागच्या कंट्रोलरनं बी लिवून घेतलं व्हतं, 'वर कळवतो मावशी' म्हणला, अन वर म्हणजी कुठं, देवाकडं का? — तुमी नवे हाव, म्हणून तोंडी सांगायला आले. धुरपताबाई माझं नाव. हितंच गंगाखेडात ऱ्हाते, घाटाच्या वरल्या आळीत. तक्रार मुंजाजी कंडक्टरची हाय. राणीसावरगावच्या मुक्कामी गाडीवर असतोय तो. त्याला माझा निरोप नीट न्हेता-आणता यीना. झालं, यवढीच तक्रार. — काय म्हणलाव? कसला निरोप? सोंगट्यांचा. हसू नगा. पट मांडून, कवड्या टाकून खेळतेत न, त्याच. मी हितं कवड्या टाकते, माझी लेक मनकर्णा तिथं सावरगावात सासरी टाकती, अन दोघीचा डाव तुमची गाडी न्हेती-आणती. संध्याकाळी मी कंडक्टरला सांगायचं, 'तीन पडले, तांबडी तीन घरं सरली.' गाडी तिथं मुक्कामाला. सकाळी निघायच्या वक्ताला ती पाण्याला येती, जाता जाता सांगती, 'माझे धा पडले, पिवळी सरली.' दिसाला एक दान. एक डाव सरायला अख्खा हंगाम जातोय. तिच्या रुखवतात मीच दुसरा पट शिवून दिला व्हता, माझ्यासारखाच, तवा कुठं ठावं व्हतं त्याचा असा उपेग व्हईल म्हणून.

खोटं? — आता बगा, तुमी शिकले-सवरलेले, पहिल्या झटक्याला तुमच्या डोक्यात खोटंच आलं. तिचं दान मला दिसत न्हाई, माझं तिला दिसत न्हाई, सगळा खेळ इमानावर चाललाय. अन ती खोटं बोललीच तर माझ्या फायद्याचं बोलती. एकदा माझी तांबडी तिच्या पिवळीच्या म्होरं चार घरावर उभी व्हती, उघड्यावर. तिला चार पडले की माझी मेली. सकाळी निरोप आला — 'मायला सांगा, तीन पडले.' मी हसले, हितंच, ह्या बाकड्यापाशी. चारच पडले असतील वो. माझी लेक हाय, मी वळखीना का तिला?

पर तुमच्या गाडीचं सांगत व्हते. आधी सटवाजी कंडक्टर व्हता, देवमाणूस. त्याला खेळ कळायचा, आपल्या मनानं म्हणायचा, 'मावशी, आज सांभाळून, लेक मारायला टपलीया.' तो व्हता तवर एक दान चुकलं न्हाई. मंग त्या नामांतराच्या दंग्यात गाड्या बंद पडल्या. लोकायची घरं जळायली व्हती, बाया लेकरं काखंला मारून रानातून पळायल्या व्हत्या — अन मी हितं रोज यिऊन इचारायची, सावरगावची गाडी कवा सुटती. आता लाज वाटती. पर इचारायची. गाड्या सुरू झाल्या तर सटवाजीची बदली झालेली. त्याच्या जागी आला तो तांबडीला पिवळी म्हणायचा, पिवळीला तांबडी. आमी दोघी चार दिस आपापल्याच सोंगट्या मारीत बसलो. केली तक्रार. तर दुसरा आला, त्याच्या निरोप ध्यानातच ऱ्हाईना, 'काईतरी पडलंय मावशी' म्हणायचा — काईतरी म्हणजी काय, दात? पुन्ना तक्रार. मंग त्यायनी गाडीचा टाइमच बदलला, पोरगी घागर घिऊन यायच्या आधीच गाडी गावाभाईर. एक भोक बुजवा म्हणलं तर ह्यायनी दोन पाडली. त्या टाइमासाठी किती हेलपाटे घातले, तवा कुठं पहिला टाइम आला, अन त्याच्यासंगं हा मुंजाजी आला. गरीब हाय बिचारा. वाईट न्हाई. — चहा नगं, बसा तुमी.

जाऊन का यीना म्हणता? गाडी तर रोज जाती, तासा-दीड तासाचं गाव, खरं हाय. पर साहेब, लग्नात इहीणबाईच्या पंगतीला तूप उशिरा गेलं. आता यवढ्या गर्दीत तुपाचं भांडं कुण्या पंगतीत अडकलं कुणाला म्हाईत! इहीणबाई ताटावरून उठली. बायनाबाई नाव तिचं, उठली ती आजून बसली न्हाई. पोरीला पंचमीला धाडीना, दिवाळीला धाडीना. मी एकदा गेल्ते. वसरीवर बसविलं, पाण्याचा तांब्या बी दुसऱ्याच्या हातानं दिला. मनकर्णा घाटापातूर — घाट कसला, आडापातूर सोडायला आली, अन म्हणली, 'माय, तू यिऊ नगं. तू यिऊन गेलीस की मागून मला भोगावं लागतंय.' हातावर पदर वढून घेतला तिनं. मी काई इचारलं न्हाई, तिनं काई सांगितलं न्हाई. मंग म्हणली, 'पट हाय न तुझ्यापाशी? म्या बी आणलाय.' चिठ्ठी आमा दोघीला लिवता येत न्हाई, अन वाचून दाखवणारा साऱ्या गावाला वाचून दाखवतोय. दानाचं तसं न्हाई. चार पडले, सा पडले, चारचौघात वरडून सांगा, कुणाला काय कळतंय? मला कळतंय. दान आलं म्हणजी सकाळी पोरगी उठली, घागर घितली, चालत आली, बोलली. यवढंच लागतंय मला. डाव कोण जितलं ह्याची फिकीर कुणाला हाय!

आता मुंजाजीचं ऐका. पोळ्याच्या मागंफुडं तिचा निरोप आला, 'दोन पडले, पिवळी फुलीवर बसली.' फुलीवरल्या सोंगटीला मारता येत न्हाई, तसा नेमच हाय. ल्हान व्हती तवा मीच शिकवलं, भ्या वाटलं की फुली धरावी. पर साहेब, तिच्या मागं माझी एक बी सोंगटी नव्हती. सारा पट मोकळा व्हता, खुशाल पळायचं. मंग फुली कामून धरली? कुणाचं भ्या? — मी म्हणलं, असंल, तिची खेळायची तऱ्हा. त्याच्या फुडं चार-पाच दिस काईच न्हाई. मुंजाजी म्हणायचा, 'आली न्हाई पाण्याला.' मंग एक दिस गाडीतून उतरला अन माझ्याकडं न बघता म्हणला, 'मावशी, आठ पडले.'

आठ. — तुमाला काई वाटलं न्हाई न? त्याला बी वाटलं न्हाई. साहेब, कवड्या सा असतेत. दोन पडतेत, तीन, चार पडतेत, साऱ्या पालथ्या पडल्या तर सा, एकच उताणी पडली तर धा, पाच उताण्या पडल्या तर पंचीस, साऱ्याच उताण्या तर तीस. आठ पडतच न्हाई. जलमभर टाका, आठ पडत न्हाई. पाळण्यात असल्यापासून कवड्याचा आवाज ऐकत निजलेली लेक हाय माझी, ती आठ कुठून आणील? — मी म्हणले, 'बरं.' दुसरं काय म्हणू? माझे सा सांगून घरी गेले. दुसऱ्या दिशी सात आणले. मंग नऊ. रोज आणतोय, एक दिस चुकवीना, सटवाजीच्या वक्ताला बी यवढं बिनचूक नव्हतं. मी रोज 'बरं' म्हणते. पर घरी पटावर तिची पिवळी मी हालवली न्हाई. फुलीवरच हाय आजून.

म्हणून तक्रार, साहेब. तो मुंजाजी आळशी हाय. सकाळी झोपा काढीत असंल गाडीत, पोरगी घागर घिऊन उभी ऱ्हाती, हाका मारती, अन हा उठत न्हाई, मंग मनानंच काईतरी आकडा लावून देतोय. असंच असंल न? आळशीच असंल. कंडक्टर लोक आळशी असतेतच, तुमीच म्हणा. लिवायचं तर हेच लिवा बुकात — कंडक्टर आळशी हाय, बाईचं दान आणीत न्हाई. त्याला समज द्या, दंड करा, पर हेच लिवा. दुसरं काई असतं तर सावरगावचं माणूस आलंच असतं की सांगायला? तुपावरून कितीबी धरलं तरी, असल्या वक्ताला माणूस धाडतेतच. धाडतेत न? — उठलाव कामून? — नगं, हाक मारू नगा त्याला. तो बगा, चहाच्या गाड्यापाशी, मी आले की पाठ करून उभा ऱ्हातोय. ऱ्हाऊ द्या. म्हणते न ऱ्हाऊ द्या — मारलीच का हाक?

ये रं मुंजाजी. काई न्हाई, तुझीच तक्रार सांगायले साहेबाला. तू आळशी हायस म्हणून. व्हय म्हण की. म्हण, 'व्हय मावशी, म्या सकाळी उठतच न्हाई, मनानंच सांगतो.' मी राग धरणार न्हाई, साहेबाला बी सांगते, पोराला काई करू नगा — पाया कामून पडायलास? ऊठ. ऊठ म्हणते न, समदं स्टँड बगायलंय. अन तोंड उघडू नगं. बिलकूल नगं. साहेब, माझी काई तक्रार न्हाई, मिटवा ते बुक. ऐक रं, सकाळीच कवड्या टाकल्यात म्या, तीन पडले. तांबडी तीन घरं सरली. तिला सांग, पिवळी फुलीवरच हाय, कुणी हात लावला न्हाई. पाळी तिची हाय म्हणावं. — चल, हो म्होरं, घंटी मार. गाडीचा टाइम झालाय.