सखूकाकीचा राब

परदेशी पोरं कामचुकार असतात असं कोण म्हणतं? मी कोकणातल्या कापडे गावी शिबिराला आलेल्या अशा पोरांचा दुभाषी होतो. मे महिन्यात सकाळी झाडांचा अभ्यास, दुपारी गावाची सेवा. पहिल्याच दिवशी एमा नावाच्या मुलीने सखूकाकीच्या शेतातला सगळा पालापाचोळा कचरा समजून झाडून खड्ड्यात पुरला. भाताचं बी पेरण्याआधी जाळून जमीन भाजायला काकीने तो पाला, म्हणजे राब, महिनाभर डोक्यावरून वाहून पसरला होता!

मी सांगितल्यावर एमा रडायलाच लागली.

काकीने पदराने तिचे डोळे पुसले. "सांग रे तिला, माझ्या मुंबयच्या सुनेनंपण पयल्या वर्षी ह्येच केलं."

"मग काय झालं?" एमाने विचारलं.

काकीने तिच्या डोक्यावर ओझ्याची चुंबळ ठेवली.

"नवा राब निम्मा तिनं आणला, निम्मा मी. चल गो, सूनबाई."